हर्टबर्नकरांचे वॉशिंग्टनकर कसे झाले?

नमस्कार मंडळी. 'वॉशिंग्टन' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? एक डॉलरच्या नोटेवरचे जॉर्जराव, हो ना? आता हा आकडा ऐका. 2000 च्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची 1,63,036 माणसं होती आणि त्यातली जवळपास 90 टक्के कृष्णवर्णीय. इंग्लंडमधल्या एका खेड्याचं नाव इथवर पोचलं कसं?

(नकाशा)

हे बघा, ईशान्य इंग्लंड, डरहॅमचा परिसर. इथे विल्यम द हर्टबर्न नावाचा एक सरदार होता. म्हणजे हर्टबर्न गावचा विल्यम. त्याने डरहॅमच्या बिशपशी गावाची अदलाबदल केली, हर्टबर्न दिलं आणि वॉशिंग्टन घेतलं. 1183 च्या बोल्डन बुक या महसुली दप्तरात तशी नोंदच आहे. गाव बदललं तसं नावही बदललं. आपल्या भाषेत, हर्टबर्नकरांचे वॉशिंग्टनकर झाले! त्यातलं शेवटचं 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीतली वाडी किंवा वस्ती.

पुढे घराण्याच्या शाखा फुटल्या. लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढून जमिनी विकायला काढल्या, तेव्हा 1539 मध्ये याने सलग्रेव्ह विकत घेतलं. तिथला वाडा आजही बघता येतो.

त्याच्याच वंशातले एक लॉरेन्स एसेक्समध्ये पाद्री होते. 1643 मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, त्यांची नेमणूक गेली. आरोप काय, तर हे सारखे दारूच्या गुत्त्यात दिसतात! खरं-खोटं बाजूला ठेवा, कारण ते राजाच्या बाजूचे आणि आरोप करणारे विरुद्ध पक्षाचे. पण घर बसलं ते बसलंच. मग त्यांचा मुलगा जॉन जहाजावर लागला.

1657. 'सी हॉर्स' नावाचं जहाज अमेरिकेतल्या व्हर्जिनियाहून तंबाखू भरून परत निघालं आणि पोटोमॅक नदीत रुतून बुडालं. जॉन तिथेच राहिला. अ‍ॅन पोप हिच्याशी लग्न केलं, सासऱ्यांनी 700 एकर जमीन दिली. (घरजावई नाही म्हणणार मी, पण जवळपास!) जॉर्ज वॉशिंग्टन हा या जॉनचा पणतू.

आता गंमत अशी, की जॉर्जना स्वतःचं मूल झालं नाही. मग दीड लाखावर वॉशिंग्टन आले कुठून?

1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. मालकाचं नाव लिहायचं आणि त्याखाली गुलामांचं फक्त वय, लिंग, रंग. माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. कित्येकांनी आपसात आडनावं जपली होती, ती मालकांच्या वह्यांत येत नव्हती. 1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि 1870 च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा नावानिशी कागदावर आली. त्यात वॉशिंग्टन पुष्कळ. काही त्या घराण्याच्या मळ्यांवरचे असतील, पण सगळे नक्कीच नाहीत. कित्येकांनी हे नाव स्वतः निवडलेलं.

निवडणं म्हणजे काय, ते गुलामीतून सुटलेल्या एका पोराकडून कळतं. शाळेत हजेरी चाललीय. बाकीची मुलं दोन-दोन नावं सांगतायत आणि याच्याकडे एकच, बुकर. त्याची पाळी आली तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, "बुकर वॉशिंग्टन". याच बुकर टी. वॉशिंग्टन यांनी पुढे 1881 मध्ये टस्कीगीची कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था उभी केली.

पण वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव. त्यांचं आडनाव होतं फर्ग्युसन! (नाही, पुण्याशी संबंध नाही.) आपण वडिलांचं नाव मधे लावतो, याने शेवटी लावलं.

आणि आपला क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदर? त्याचं नाव त्याच्या वडिलांना आधार देणाऱ्या एका निवृत्त लष्करी गृहस्थांच्या नावावरून ठेवलंय. म्हणजे चेन्नईत पोचेपर्यंत आडनावाचं पुन्हा पाळण्यातलं नाव झालं.