बर्मा रोडवरची माणसं

[दृश्य : पहाट, जहाजाचं नाक, वारा]

ही जी समोर दिसतायत ना, डेकवर मांडून ठेवलेली आठ भलीमोठी स्टीलची पाती, ती शोभेची नाहीत. लोक येतात, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढतात, कुणीतरी त्यांना कमोडोरच्या, म्हणजे सगळ्यात ज्येष्ठ कप्तानाच्या, कफलिंक्स असं नाव पण देऊन टाकलंय. पण ती आहेत प्रोपेलरची सुटी पाती, स्पेअर. खाली पाण्यात जी फिरतायत ती बोल्टने बसवलेली आहेत, एखादं खराब झालं तर या मापाचं पातं काही बंदरावरच्या दुकानात मिळत नाही, म्हणून बरोबर घेऊनच फिरायचं.

जहाजाचं नाव क्वीन मेरी २. लांबी ३४५ मीटर, बांधलं फ्रान्समध्ये सँ-नाझेरला, ८ जानेवारी २००४ ला राणी एलिझाबेथच्या हस्ते नाव ठेवलं. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. आपण आता साउथॅम्प्टनहून निघालोय, आणि आज आपल्याला जे बघायचंय ते वरचं नाही, खालचं, तिथे राबणाऱ्या माणसांचं.

[दृश्य : गालिचा, लाकडी भिंत, मग एक साधा दरवाजा]

हा दरवाजा नीट बघा. अलीकडे गालिचा, मंद दिवे, भिंतीवर चित्रं. पलीकडे रंगवलेली स्टीलची जमीन, डोक्यावर पाइप आणि केबल, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. एका पावलाचं अंतर. खाली उतरलो की जहाजाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जाणारा एक लांबच लांब कॉरिडॉर लागतो, ब्रिटिश जहाजांवर जुनी माणसं त्याला बर्मा रोड म्हणतात, दुसऱ्या महायुद्धातल्या बर्मातून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून, अमेरिकन जहाजांवर त्यालाच आय-९५ म्हणतात, तिकडच्या हायवेवरून. सगळं इथूनच जातं, भाजीचे क्रेट, चादरींच्या ट्रॉल्या, कचरा, ड्युटी संपवून झोपायला निघालेली माणसं. थोडा वेळ नुसतं उभं राहून बघा.

[दृश्य : कॉरिडॉर, काही न बोलता]

आता गॅली. जहाजावर किचन म्हणत नाहीत, गॅली म्हणतात. साधा हिशेब करा, वर २,७०० च्या आसपास प्रवासी, खाली साडेबाराशेच्या आसपास क्रू, दिवसाला तीन वेळा जेवण म्हणजे झाली बारा हजारांच्या घरात ताटं, आणि यात दुपारचा चहा, केक, सँडविच धरलेलेच नाहीत. आणि सात दिवस कुठेच थांबायचं नाही म्हणजे जे काही लागणार ते बंदरात त्या एका दिवसात चढवायचं, सकाळी जहाज लागलं की संध्याकाळी सुटायच्या आत. काल फोर्कलिफ्ट दिवसभर पॅलेट आत घेत होत्या, ते सगळं आता या शीतगृहांत आहे, मांस वेगळं, मासे वेगळे, दूधदुभतं वेगळं, भाजी वेगळी, फुलंसुद्धा वेगळी.

हे चॉपिंग बोर्ड बघा, प्रत्येकाचा रंग वेगळा. कच्च्या मांसाचा बोर्ड भाजीला लागला तर तो गुन्हाच. न्यूयॉर्कला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे इन्स्पेक्टर न सांगता चढू शकतात, थंड पदार्थ ५ अंशांच्या आत आणि गरम ५७ च्या वर आहे की नाही ते थर्मामीटर खुपसून बघतात, शंभर पैकी मार्क देतात आणि ८५ किंवा कमी आले तर जहाज नापास. म्हणून इथे प्रत्येकाच्या खिशात थर्मामीटर असतो. शेगड्यांच्या कडेने हे जे दांडे आहेत ते समुद्र खवळला की भांडी घसरू नयेत म्हणून.

[दृश्य : बेकरी, हातांचा क्लोजअप]

मला विचाराल तर या टूरमधली बघायची जागा कप्तान जहाज चालवतो तो ब्रिज नाही, ही आहे. या बेकरचे हात बघा. एका वेळी दोन्ही तळव्यांखाली दोन गोळे, दोन-तीन वेढे, झाले गोल, पुढचे दोन. नजर हातांकडे नाहीच, तो आमच्याशी बोलतोय. मनगटापासून कोपरापर्यंत ज्या आडव्या काळसर रेघा आहेत त्या ओव्हनच्या ट्रेच्या. जुन्या पुसट, नवी अजून लाल.

आम्ही इंग्रजीत विचारत होतो, तो इंग्रजीतच उत्तरं देत होता, मग मी सहज विचारलं गाव कुठलं, तर म्हणाला गोवा, सासष्टी. आणि हसून म्हणाला, "हांव पोदेराचो पूत." पोदेर म्हणजे गावात भल्या पहाटे सायकलवरून भोंपू वाजवत पाव, उंडे, पोई घेऊन येणारा. बापाने जे गावात केलं तेच हा अटलांटिकवर करतोय, फक्त भट्टीच्या जागी स्टीलचा ओव्हन आणि खाली हलणारी जमीन.

तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, जरा बाजूला, गरम आहे!" मराठीत. भांडी धुणाऱ्या सेक्शनमधला मुलगा, गुहागरचा, आमचं बोलणं ऐकून राहवलं नाही त्याला. पातेलं ठेवलं आणि पहिला प्रश्न काय, तर तिकडे पाऊस लागला का.

[दृश्य : मुंबई, धोबीतलाव, जेर महाल]

इथे जरा मुंबईत येऊ, कारण ही माणसं त्या जहाजावर अशीच उगवत नाहीत. मेट्रो थिएटरच्या समोरची ही जेर महालची इमारत, बाहेरून रोज हजारो लोक जातात, वर कुणी बघत नाही. आत गोव्याच्या गावांचे क्लब आहेत, कोंकणीत कूड म्हणतात. एका गावाची एक कूड. ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या कंपन्यांच्या आगबोटी मुंबईतून सुटायच्या तेव्हापासून गोव्याचा माणूस बोटीवर जायचा, स्टुअर्ड, कुक, बेकर म्हणून, आणि बोट मिळेपर्यंत राहणार कुठे, तर आपल्या गावाच्या कुडीत. भिंतीला लावलेल्या या पेट्या बघा, एकेका माणसाची एकेक, तेवढीच त्याची जागा, त्याच्यावर त्याचं नाव. समोर वेदी, गावच्या संताची मूर्ती, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची हा नियम. पैसे थोडे, जागा थोडी, पण उपाशी आणि एकटं कुणी राहायचं नाही. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात, कोकणात आपण म्हणतो बोटीवर असतो. पोरगा काय करतो, बोटीवर असतो, एवढ्यावर सगळं आलं.

आणि बोटीवर जाणं म्हणजे नुसती बॅग भरणं नाही. आधी एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, बेसिक कोर्स, त्यात आग विझवायची, लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारायची, तराफा सरळ करून त्यावर चढायचं. भांडी धुणाऱ्यालाही हे सुटत नाही, कारण जहाजावर अलार्म झाला की तोच मुलगा तुम्हाला लाइफबोटीपर्यंत नेणार. मग मेडिकल, इंडॉस नंबर म्हणजे खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक, सीडीसी (ही वेगळी सीडीसी) म्हणजे खलाशाचं पुस्तक, एजंटकडे इंटरव्ह्यू, अमेरिकेचा खलाशांसाठीचा सी१/डी व्हिसा. गुहागरच्या मुलाने सीडीसी आणून दाखवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीला रबर बँड.

[दृश्य : कचरा विभाग]

परत खाली. वर जे ताटात उरतं ते इथे येतं. हाताने वेगळं करतात, काच फोडून, डबे दाबून, पुठ्ठा वेगळा, प्लॅस्टिक समुद्रात टाकायचंच नाही, समुद्राचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराची तशी सक्त मनाई आहे. उरलेलं अन्न २५ मिलिमीटरपेक्षा बारीक दळून, किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल लांब गेल्यावरच सोडता येतं. हे मशीन जे खडखडतंय ते दिवसभर असंच चालतं आणि ही दोन माणसं ग्लव्ह्ज घालून त्याच्यासमोर उभी असतात. पुढच्या बंदरात उतरणाऱ्या या पुठ्ठ्याच्या गठड्या त्यांनीच बांधल्या.

इंजिन कंट्रोल रूममध्ये कॅमेरा नेऊ देत नाहीत. चार डिझेल इंजिनं तळाशी, दोन गॅस टर्बाइन मात्र वर, धुराड्याच्या खाली, त्यांना हवा फार लागते म्हणून. ही सगळी मिळून वीज तयार करतात आणि त्या विजेवर जहाजाच्या पोटाखाली लटकणारे चार पॉड, म्हणजे मोटर आणि प्रोपेलर एकत्र असलेले संच, चालतात, प्रत्येकी २१.५ मेगावॅटचा. या इंजिनांच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणीही करतात.

कामाचे तास, नियम काय आहे ते सांगतो, चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात ७७, म्हणजे उरलेल्या वेळात काम घेता येतं. सलग काही महिने, आठवड्याची सुट्टी नाही. हे जहाज २०११ पर्यंत साउथॅम्प्टनच्या नोंदणीवर होतं, आता मागे हॅमिल्टन लिहिलंय, बर्म्युडा. २०२० मध्ये क्रूझ बंद पडल्या तेव्हा जगभर हजारो क्रू आपापल्या जहाजांवर अडकले, काही गोवेकर तर मुंबईच्या समोर, किनारा दिसत असताना.

[दृश्य : क्रू मेस, डाळ-भात, मोबाइलवर व्हिडिओ कॉल, आवाज मूळचा ठेवणे]

[दृश्य : रात्र, बेकरी, भिंतीवरचं घड्याळ]

न्यूयॉर्कला जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात, दोनचा एक होतो. वर झोपलेल्यांना तेवढीच एक तास जास्त झोप. परत येताना हाच तास जातो. आज पहिली रात्र. सकाळच्या क्रोसाँचे ट्रे लागलेत, पोदेराचा मुलगा एकदा घड्याळाकडे बघतो, काटा मागे फिरवतो, आणि पुढचे दोन गोळे तळव्याखाली घेतो.