चार-दोन लागली

[पहाट. शटर वर जातं. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकते.]

सकाळचे पावणेसहा. सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं गाव, आणि हे तिथलं एक खाजगी दूध संकलन केंद्र. एक गाळा, एक काटा, एक कॉम्प्युटर, मागे कूलरची टाकी. मालकांना सगळं गाव दादा म्हणतं, आपणही तेच म्हणू.

[लाइन. किटल्या, कॅन, एक कोल्ड्रिंकची बाटली.]

इथं नाव कोणी विचारत नाही, नंबर सांगायचा. "सत्तेचाळीस." दादा ४७ दाबतात, दूध काट्यावरच्या बादलीत जातं, वजन वायरीतून थेट स्क्रीनवर. कपभर दूध अ‍ॅनालायझरला लावलं की ती बारीक नळी ते ओढून घेते आणि मिनिटभरात फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधातला बाकीचा भाग), डिग्री (म्हणजे दुधाची घनता) सगळं त्या नंबरसमोर येऊन बसतं. दर कॉम्प्युटरच काढतो. प्रिंटर टर्रर्र करतो, पावती हातात, पुढचा नंबर.

[माळ्यावरून उतरवलेली लाकडी पेटी. काचेच्या नळ्या.]

आता ही मशीन यायच्या आधीची पेटी बघा. आम्ही विचारलं म्हणून दादांनी काढली आणि मग तासभर तेच दाखवत बसले. फॅटच्या नळीत आधी १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर अलगद १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, नळी चटका बसेल इतकी तापते, मग ती या हाताने फिरवायच्या मशीनमध्ये घालून गरागरा फिरवायची आणि वर आलेली पिवळी रेघ डोळ्यासमोर धरून वाचायची. एकाचं दूध झालं, की दुसऱ्याचं. दादांच्या अंगठ्यापाशी हा जो पांढरा डाग दिसतोय ना, तो अ‍ॅसिडचा.

एवढं करून नुसती फॅट कळायची. एसएनएफसाठी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगणारी काचेची आकड्यांची नळी, बुडवून डिग्री बघा, तिला चारने भागा, त्यात फॅटचा ठरलेला हिस्सा मिळवा, वर अजून एक ठरलेला आकडा. मग भिंतीवरचा हा दरतक्ता, डावीकडे फॅट, वर एसएनएफ, दोन बोटं सरकवत जिथं भेटतील तो दर. गाईला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ धरून, म्हशीला ६ आणि ९ धरून, तिथून दर वरखाली. बोट एक ओळ घसरलं की भांडण.

[रजिस्टरचं पान. खोडलेले आकडे, चहाचा डाग.]

आणि खरी मजा दर दहा दिवसांनी. १४० दूधवाले, दोन टाइम, म्हणजे एका बिलाला २८०० नोंदी. त्या बेरजा, त्यातून पेंडीचे पैसे वजा, उचल वजा, मग पाकिटं. १ तारीख, ११ तारीख, २१ तारीख, या तीन रात्री दादा घरी जेवायला नसायचे, हे वहिनींनी कॅमेऱ्यासमोर दोनदा सांगितलं.

[माउसवर बोट. स्क्रीनवर आकडे पळतात.]

आता हे. एक बटण. लिटर, रक्कम, पेंड, उचल, निव्वळ देणं. खाते नंबर आधीच भरलेत, त्यामुळे बँकेला द्यायची फाइलही इथूनच निघते. डेअरीकडून नवा दर आला की पेनड्राइव्हने तक्ता चढवायचा, भिंतीवरचा तसाच लटकतोय, शोभेला.

बेरजांच्या रात्री गावातली दोन पोरं मदतीला यायची, त्यांना पैसे आणि वडापाव मिळायचा, आता ती येत नाहीत. शूटिंगच्या दिवशी गावात नव्हती, बोलणं राहिलं.

[गरम पाणी. अ‍ॅनालायझरची नळी धुतली जाते.]

मशीन म्हणजे देव नाही हां. रोज दोन्ही टाइम ही नळी धुतली नाही तर फॅट चुकीची दाखवते, आणि ४७ च्या जागी ७४ दाबलं तर कॉम्प्युटर बिचारा गप्प ७४ च्या नावावर दूध चढवतो. म्हणून दादा नंबर मोठ्याने परत म्हणतात. लाइट गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला तर ते जुनं रजिस्टर, खणात ठेवलेलं आहेच.

[लाइन संपली. एक आजी, छोटी किटली.]

शेवटच्या आजी. दूध दीड लिटर. पावती घडी घालून कनवटीला खोचतात, वाचत नाहीत.

"किती लागली रं?"

"चार-दोन, आजी."

"काल चार-तीन हुती की."

दादा स्क्रीन त्यांच्याकडे वळवतात. कालची ओळ, फॅट ४.३. आजची ओळ, ४.२.

"पेंड बदललीसा का?"

आजी काही बोलत नाहीत, किटली उचलतात.