फ्लॅटबेड स्कॅनरनं प्रिंटची डेन्सिटी कशी मोजायची?

नमस्कार मंडळी! ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमधला काळा नेमका किती काळा आहे, हे नुसत्या नजरेनं ठरवू नका. शेजारी पांढरं असलं की तोच काळा आणखी गडद भासतो. डेन्सिटोमीटर, म्हणजे हा काळेपणा मोजणारं उपकरण, नसेल तर साधा फ्लॅटबेड स्कॅनरही हे काम करतो, फक्त त्याला आधी शिस्त लावावी लागते.

डेन्सिटीचा, म्हणजे काळेपणाच्या मापाचा, हिशोब असा. कागदावर पडलेल्या प्रकाशाचा दहावा भाग परत आला तर डेन्सिटी 1, शंभरावा आला तर 2. प्रकाश निम्म्यावर आला की डेन्सिटी 0.3 ने वाढते.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, रंगसुधारणा सगळं बंद करा. 16 बिट ग्रेस्केल ठेवा आणि सेटिंग पुन्हा हलवू नका.

आता स्कॅनमध्ये दिसणारा आकडा म्हणजे डेन्सिटी नव्हे. एसआरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या चित्रांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगमानकात, 255 पैकी 128 म्हणजे निम्मा प्रकाश वाटतो ना? प्रत्यक्षात तो जेमतेम 22 टक्के असतो, म्हणजे डेन्सिटी साधारण 0.67. त्यामुळे डेन्सिटी आधीच मोजलेली स्टेप वेज, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायरीपायरीनं गडद होत जाणाऱ्या चौकोनांची पट्टी, लागते, तीही कागदावरची, फिल्मवरची नाही. ती स्कॅन करा, प्रत्येक चौकोनाच्या मधल्या भागाची सरासरी काढा आणि त्या आकड्यासमोर खरी डेन्सिटी मांडून आलेख काढा. प्रिंटवरचा आकडा याच आलेखावर शोधायचा.

खरी गोम आहे ती गडद भागात. हे बघा, एकच काळा चौकोन मी एकदा भोवती पांढरा कागद ठेवून स्कॅन केलाय आणि एकदा काळ्या कार्डाला चौकोनी भोक पाडून त्यातून. पांढऱ्याच्या शेजारी तो जास्त उजळ आलाय! पांढऱ्यावरून उडालेला प्रकाश काचेखाली विखुरतो आणि काळ्यात मिसळतो. म्हणून वेज असो की प्रिंट, दोन्ही त्याच कार्डातून आणि काचेवर त्याच जागी स्कॅन करा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात हे कार्ड सर्वांत मोलाचं आहे.

वेज ग्लॉसी आणि प्रिंट मॅट असेल तर गडद आकड्यांवर विसंबू नका, दोन्ही पृष्ठभाग प्रकाश वेगळा परतवतात. प्रिंट पूर्ण वाळू द्या, ओल्या प्रिंटचा आकडा कामाचा नाही.

वेजच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांचे आकडे सारखेच येऊ लागले, तर तुमच्या स्कॅनरची मजल तिथेच संपली. त्यापुढचा काळा मोजायला डेन्सिटोमीटरच हवा.