तज्ज्ञ आणि अष्टपैलू: सॉफ्टवेअरमधील दोन वाटा

एका संकेतस्थळावर ऑर्डरची यादी उघडायला फार वेळ लागू लागतो. डेटाबेसचा तज्ज्ञ एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) कशी चालते त्याचा आराखडा, तपासतो, तेव्हा प्रत्येक क्वेरी झटपट चाललेली दिसते आणि शोध वेगवान करणारे इंडेक्सही जागेवर असतात. पण यादी एका क्वेरीत आणल्यावर प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचे नाव आणण्यासाठी प्रोग्राम पुन्हा स्वतंत्र क्वेरी पाठवत असतो, म्हणजे 100 ऑर्डरींसाठी डेटाबेसकडे 101 फेऱ्या होतात. स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंतचा कोड ज्याने स्वतः लिहिला आहे, अशा अष्टपैलू डेव्हलपरला हा दोष लवकर सापडतो.

मात्र ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधले एकेक व्यवहार, एकमेकांनी डेटावर लावलेले लॉक सुटण्याची वाट पाहत अडकू लागले, किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये व्हॅक्यूमचे, म्हणजे जुन्या निरुपयोगी नोंदी साफ करण्याचे, काम मागे पडून टेबल फुगत गेले, की तोंडओळख पुरत नाही. तिथे त्या विषयात मुरलेला माणूसच लागतो. नव्या, लहान कंपनीत अष्टपैलू माणसांवाचून काम हलत नाही. व्याप वाढला की तज्ज्ञांची गरज भासू लागते.

तज्ज्ञतेत जोखीम आहे, हे खरे. ब्राउझरमध्ये अॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार 2020 अखेर बंद करण्याचे अडोबीने 2017 मध्ये जाहीर केले आणि त्यावर बेतलेले काम संपले. पण जुने तंत्रज्ञान म्हणजे मेलेले तंत्रज्ञान, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. 1959 मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेचे जाणकार एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे शोधावे लागले, कारण बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा जुन्या यंत्रणेवर कोसळला होता. फ्लॅश हे एका कंपनीचे प्लगइन, म्हणजे ब्राउझरला वेगळे जोडायचे साधन, होते आणि ब्राउझरने त्याची जागा स्वतःच भरून काढली. कोबोलवर मात्र बँकांचे आणि सरकारांचे व्यवहार उभे आहेत. ज्यांनी फ्लॅशसोबत अ‍ॅनिमेशनची आणि प्रोग्रामिंगची मूलतत्त्वे पक्की केली होती, त्यांना जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेकडे वळणे तुलनेने सोपे गेले, कारण फ्लॅशची भाषा असलेल्या अ‍ॅक्शनस्क्रिप्टची घडण त्याच कुळातली होती. म्हणूनच सखोल अभ्यास साधनाइतकाच त्याखालच्या तत्त्वांचाही असावा, असे आम्हाला ठामपणे वाटते.

‘फुल स्टॅक’ या नावाखाली एकाच माणसाकडून इंटरफेस, सर्व्हर, डेटाबेस आणि क्लाउड अशा सगळ्यांत प्रावीण्य मागणाऱ्या जाहिराती तरुणांवर अन्याय करतात. अशा ठिकाणी मुलाखतीला गेल्यावर, मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर फोन कोणाला जातो, आणि त्याच्या मदतीला आणखी कोण असते, हे अवश्य विचारावे.