शिरोरेघ चॉकलेटची

[दृश्य: डोंबिवलीतलं एक घर. स्वयंपाकघराचा ओटा, सकाळचं ऊन.]

आज आजीची पंचाहत्तरी. ८ इंची केक मावशीने कालच क्रीम लावून फ्रिजमध्ये ठेवलाय. वरची अक्षरं तेवढी राहिली आहेत. मावशी ती केकवर लिहिणार नाही, कागदावर लिहिणार आहे. केकवर हात चुकला तर क्रीम खरवडावं लागतं. कागदावर चुकला, तर चॉकलेट परत पातेल्यात.

कागद म्हणजे बेकिंग पेपर. दुकानात ‘बटर पेपर’ मागितला की कधी हा हातात पडतो, कधी मेणाचा. मेणाच्या कागदावरचं मेण ओव्हनच्या उष्णतेत वितळतं, म्हणून मावशी पाकिटावर सिलिकॉन लिहिलंय का ते आधी बघते. त्या पातळ थरामुळेच चॉकलेट कागदाला धरून बसत नाही.

[दृश्य: हात, कागद, कात्री.]

आधी चॉकलेट भरायचा कोन. कागदाचा काटकोनी त्रिकोण, लांब बाजूच्या मध्यावर बोट. टोक तिथेच येणार. एक कोपरा आत वळवायचा, दुसरा त्याच्यावरून फिरवायचा, वरची टोकं आत दुमडायची. ज्यांनी घरी मेंदीचे कोन वळलेत, त्यांच्या बोटांना हे सांगावं लागत नाही.

डार्क कंपाउंड चॉकलेट उकळत्या पाण्याच्या वाफेवर वितळतंय. भांडं कोरडं हवं. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट आळतं आणि त्याचा गोळा होतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर ओल्या चमच्याचीही धास्ती.

[दृश्य: खिडकीच्या काचेला लावलेला कागद.]

साध्या कागदावर मावशीने ठळक लिहिलंय: पंचाहत्तरी. तो उलटा करून काचेवर धरला, मागून अक्षरं गिरवली. आता शब्द आरशात दिसावा तसा आहे. त्यावर बेकिंग पेपर ठेवायचा, खालची अक्षरं आरपार दिसतात. कागदाला टेकलेली बाजू गुळगुळीत, चकचकीत होते, आणि शेवटी तीच वर येणार.

कोनात चॉकलेट भरून त्याचं टोक जेमतेम कापलंय. प, च, ह... पहिलीत शिकवतात तसंच, आधी अक्षरं, मग शिरोरेघ. फक्त इथे उशीर चालत नाही. अक्षरांवर ओली चमक आहे तोवरच रेघ ओढावी लागते, नाहीतर सांधा बसत नाही. मावशी ती रेघ दोनदा ओढते, जाड.

ही रेघ मला फार मोलाची वाटते. इंग्रजी छापील अक्षरं केली तर एकेक सुटं उचलून ओळीत लावत बसा. आपला शब्द शिरोरेघेला लटकून अख्खा एका तुकड्यात येतो. दुसरी वेलांटीसुद्धा त्याच रेघेतून वर वळते.

[दृश्य: फ्रिजचं दार बंद होतं. उघडतं.]

चॉकलेट घट्ट झालंय. वर ताटली ठेवून मावशी सगळं पालथं करते. आता कागद वर, शब्द खाली. चॉकलेट उचलायचं नाही, कागद सोलायचा. कोपऱ्यापासून, अगदी आडवा, सावकाश. हाच क्षण मी तीनदा टिपला, तिन्ही वेळा श्वास रोखून.

सुरीच्या पात्यावरून शब्द केकवर सरकला. सगळा आला, एक खूण सोडून. अनुस्वार शिरोरेघेला टेकत नाही, तो कागदावरच राहिलाय. मावशीला हे ठाऊक होतं. कागदाच्या कडेला तिने पाच-सहा जादा ठिपके घालून ठेवलेत.

त्यातला सगळ्यात गोल ठिपका ती चिमट्यात धरते, आणि ‘प’च्या डोक्यावर ठेवते.