हात गरम हाय की, डॉक्टर

(सांगलीत वैद्यकीय विद्यार्थी आणि नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पुढच्या रांगांतल्या मुलामुलींनो, आज मी मुख्यतः तुमच्याशी बोलणार आहे. मागं बसलेल्या वडीलधाऱ्यांनीही ऐकावं, विषय त्यांच्याही घरचा आहे.

शेवटच्या वर्षाच्या वर्गात मी विचारतो, अवयवदान करणार का? भराभर हात वर होतात. मग विचारतो, आज्जी घरी वारल्या तर त्यांची किडनी देता येईल? आता कुजबुज सुरू होते. काहीजण ठामपणे ‘हो’ म्हणतात, आणि मला काळजी वाटते ती त्यांचीच. घरी मृत्यू झाला तर साधारण 6 तासांच्या आत नेत्रदान होतं, ॲनाटॉमी म्हणजे शरीररचना विभागाला देहदान करता येतं. किडनी, यकृत, हृदय यांना मात्र शेवटपर्यंत रक्त मिळत राहावं लागतं. म्हणून मृत्यूनंतर हे दान बहुधा आयसीयूत, व्हेंटिलेटरवर असलेल्या मेंदूमृत, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेल्या माणसाचंच होतं. गावात तुम्हाला लोक ‘डॉक्टर’ म्हणून विचारणार आहेत. तुमचीच गल्लत झाली, तर त्यांनी कुणाकडं जायचं?

दुसरी गल्लत कोमाची. कोमातला माणूस जिवंत असतो, मेंदूमृत माणूस गेलेला असतो. आपल्या 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं हा मृत्यू मान्य केला आहे. चार डॉक्टरांची समिती, किमान 6 तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, आणि त्या चौघांत प्रत्यारोपण करणारा एकही नाही. ‘अवयवासाठी लवकर मारतात’ असं कुणी म्हणालं तर चिडू नका, हे समजावून सांगा.

ती तपासणी एकदा तरी उभं राहून बघा. बाहुलीवर टॉर्च, बुबुळाला कापसाची वात, कानात बर्फाचं पाणी. शेवटी ॲप्निया टेस्ट, म्हणजे मशीनशिवाय स्वतःहून श्वास येतो का ते बघणं. ऑक्सिजनची बारीक नळी श्वासमार्गात ठेवून व्हेंटिलेटर सोडवतात, छाती उघडी ठेवतात आणि सगळे तिच्याकडं बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमी पाऱ्याच्या वर गेला तरी एकही श्वास येत नाही. त्या मिनिटांत खोलीत कुणी बोलत नाही. कधी बोटं हलतात, तो मणक्यातला रिफ्लेक्स असतो, मेंदूशिवाय आपोआप होणारी हालचाल. हे आधी माहीत नसेल तर तुम्हीच दचकाल, आणि तुमचा चेहरा नातेवाईक वाचतील.

आता माझी चूक सांगतो. उमेदीच्या काळात, हायवेवरच्या अपघातातल्या एका तरुणाच्या वडिलांना मी म्हणालो, “मेंदू गेलाय, पण हृदय चालू आहे.” त्यांनी फक्त ‘पण’ ऐकलं. मुलाचा हात धरून म्हणाले, “हात गरम हाय की, डॉक्टर. छाती हालतीया.” त्यानंतर अवयवांचा विषय काढणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं जिवंत पोराला कापायला मागणं होतं. ते ओरडले, आणि बरोबरच ओरडले. मृत्यूची बातमी मी दिलीच नव्हती.

म्हणून आधी ‘गेले’ हा शब्द तोंडातून निघाला पाहिजे. मशीन श्वास देतंय म्हणून छाती हलते, म्हणून हात गरम आहे, हे सांगून थांबायचं. रडू द्यायचं. अवयवांबद्दल नंतर, आणि शक्यतो रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकानं बोलायचं. खिशात दात्याचं कार्ड सापडलं तरी घरच्यांना विचारावंच लागतं. आपल्या सातारा-सांगलीच्या अवयवांचं वाटप पुण्याची विभागीय समिती बघते. ते काम त्यांचं. मृत्यू समजावून सांगणं तुमचं.

एका इंटर्न मुलीला मी हे शिकवलं होतं. पुढं एका रात्री ती मृताच्या भावाशेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, “दादा, वहिनींना बोलवा. तुमचा भाऊ गेला.” बराच वेळ ती तिथंच बसून होती. वहिनी आल्या, त्यांनी दोनदा तेच विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. समन्वयकानं विचारल्यावर घरच्यांनी नकार दिला. पण गेलेला माणूस गेलाय, हे कळून दिलेला तो नकार होता. सकाळी वहिनी जाताना त्या मुलीला शोधत आल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि मगच ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या.