सांगलीला १८, साताऱ्याला २२

(दृश्य: सांगली, गणपती पेठेजवळची एक गल्ली. सकाळ. अर्धं वर गेलेलं शटर, आत छताला टांगलेल्या रिंगा, दारात एक काळी सायकल उलटी उभी.)

या सायकलीला गिअर नाहीत, असं लोक सर्रास म्हणतात. गिअर आहे, फक्त एकच आहे. पुढच्या चेनव्हीलला ४४ दात, मागच्या फ्रीला, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या दातांच्या चकतीला, १८. पायडलचा एक पुरा फेरा झाला की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि २८ इंची चाकावर सायकल साडेपाच मीटर पुढे सरकते. मिनिटाला ६० फेरे मारा. त्यात दम लागत नाही. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास येतो. सांगलीसारख्या सपाट गावात, मागे दुधाचे कॅन लादून, उन्हातान्हात हाकायला हे गणित चांगलंच होतं. ज्यानं ते ठरवलं त्याला रस्ता आणि ओझं दोन्ही कळत होतं.

ही सायकल दूधवाल्याचीच. सोनीपतची अ‍ॅटलास, सळ्यांच्या ब्रेकची. मालकानं मोटरसायकल घेतली तशी ही गोठ्याच्या भिंतीला लागली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्याखाली गेली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरला, गोठा धुतला गेला, पण सायकलीच्या नळ्यांत, हबात (चाकाच्या मधल्या तुंब्यात), चेनमध्ये बसलेला गाळ कुणी काढला नाही. पुढच्या वर्षी ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखानाही बंद पडला.

विश्रामबागेत कॉलेजला जाणाऱ्या एका मुलानं ती भंगाराच्या भावात उचलली. त्याच्या मोबाईलमध्ये परदेशातल्या सायकलींचे फोटो आहेत. बारीक टायर, सरळ छोटं हँडल, ना मडगार्ड ना कॅरिअर. आणि ब्रेकही नाहीत. याला ‘फिक्सी’ म्हणतात, आणि त्याला ती हवी आहे.

दुकानातल्या मेस्त्रींनी फोटो पाहिला. मग चाक हातानं फिरवलं आणि कान लावला.

‘आधी हिच्या पोटातला गाळ काढू. नाचायचं नंतर.’

(दृश्य: रॉकेलच्या डब्यात छर्रे. तळाशी चिखलाचा थर.)

इकडे या कामाला ओव्हरऑइल म्हणतात. सायकल पूर्ण सुटी करायची, धुवायची, ग्रीस भरून परत बांधायची. मागच्या हबात एका बाजूला नऊ छर्रे, दोन सुताचे. पुढच्यात दहा, दीड सुताचे. आठ सुतांचा इंच, हे माप दुकानात अजून जिवंत आहे आणि पुढे ते आपल्याला लागणार आहे. छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनवर खड्डे पडलेत का, हे मेस्त्री डोळ्यांनी नाही, नखानं बघतात. नख अडलं तर कोन बाद.

सगळ्यात चिवट निघाली क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, कॉटर पिन. ही निमुळती पिन क्रँकला अ‍ॅक्सलवर आवळून धरते. पुरात गंजलेली असेल तर हातोड्याच्या पहिल्या ठोक्यातच तिचे आटे चेपतात. नवी पिन बसवतानाही तिची उतरती बाजू कानशीनं घासून जमवावी लागते. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या. नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडते. चेन मात्र तपासायला सोपी. एका खिळ्यापासून पुढचा चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर यायला हवा. पट्टीवर तो सूतभर पुढे गेला असेल तर चेन फेकायची. इथे तो त्याहून पुढे होता.

चेन उतरल्यावर मेस्त्रींनी फ्री काढायचा पाना शिकंज्यात धरला, फ्री त्यावर बसवली आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं फिरवलं. फ्री अशीच निघते, कारण चालवणाऱ्यानं पायडलला दिलेला प्रत्येक जोर तिला आट्यांवर आणखी घट्ट करत असतो. दूधवाल्याची वीसेक वर्षं त्या आट्यांत होती. दुकानातली दोन माणसं आणि एक लांब पाइप लागला.

आता मुलाच्या हट्टाकडे येऊ.

फिक्स म्हणजे मागे फ्री नसणं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. पाय थांबवायची सोय नाही. वेलोड्रोममध्ये, म्हणजे शर्यतीच्या गोल ट्रॅकवर, अशाच सायकली असतात आणि त्यांना ब्रेकही नसतो. तिथे सगळे एकाच दिशेनं जातात, समोरून कुणी येत नाही, आणि पुढच्यानं अचानक ब्रेक मारला तर मागचा त्याच्यावर आदळेल, म्हणून ब्रेक नसलेलाच बरा. सांगलीच्या रस्त्यावर यातलं एकही कारण लागू नाही. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांतून रस्त्यावर पडलेलं टिपरू, मध्येच वळणारी रिक्षा. टिपऱ्यावरून जाताना पायडल आडवं धरून तरंगत जावं लागतं. फिक्सवर ते जमत नाही. वळणावर कलावं तर खालचं पायडल जमिनीला घासतं. ट्रॅकच्या सायकलीत क्रँकच मुळी उंच बसवलेला असतो, या अ‍ॅटलासमध्ये नाही.

ब्रेक नसेल तर थांबायचं कसं? पायानं उलटा जोर देऊन मागचं चाक घसरवायचं. यातही दातांचं गणित आहे. पुढे ४८, मागे १६ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक बरोबर तीनदा फिरतं. एकाच पायावर जोर देणाऱ्याचं टायर मग दर वेळी त्याच एका जागी घासतं आणि तिथेच फाटतं. ४४ आणि १८ ला हीच झीज नऊ जागी वाटली जाते. मोबाईलमधल्या त्या देखण्या सायकलींच्या टायरचा खर्च फोटोत दिसत नाही.

मुलाचा बेत आणखी स्वस्तातला होता. जुन्या हबावर फ्रीच्या जागी फिक्स दातांची चकती आवळायची. आटे जुळतात, चकती बसते. पण उलटा जोर दिला की तीच चकती सुटायला लागते, म्हणजे थांबायचं तेव्हाच दगा. खऱ्या फिक्स हबाला म्हणून चकतीच्या बाहेर एक लहान, उलट्या आट्यांची रिंग असते, चकतीला सुटू न देणारी.

‘मी न्हाई बसवणार,’ मेस्त्री म्हणाले. ‘दुसरीकडं बसवून आणलीस तर हवा भरायला पण हितं येऊ नको.’

आमचं मतही हेच आहे. फिक्स चालवायचीच असेल तर योग्य हबावर चालवावी, आणि पुढचा ब्रेक ठेवूनच.

मग एकच फ्रीव्हील ठरली. पण तिला किती दात? मुलाला १६ हवे होते, कारण आकडा लहान तेवढा वेग जास्त. बरोबर आहे, सपाटीवर आणि वारा पाठीशी असेल तर. हरिपूरच्या रस्त्यानं संगमाकडे जाताना समोरून वारा आला की १६ दात गुडघ्याला कळतात. मेस्त्रींनी वेगळाच प्रश्न विचारला.

‘जाणार कुठं कुठं ही घेऊन?’

कॉलेज, मिरज, घर. आणि सुट्टीत मावशीकडे साताऱ्याला.

साताऱ्याचं नाव निघालं आणि सगळा बेत बदलला. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर बसलेलं गाव. पोवई नाक्याहून राजवाड्याकडे निघा, रस्ता चढता. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट लागतो, आणि तो चढत चढत कासच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर नेतो. सांगलीसाठी बरोबर असलेला गिअर तिथे चूक ठरतो. आणि या सायकलीला दुसरा गिअर नाही.

यावरचा तोडगा शंभर वर्षांहून जुना आहे. टूर दी फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली आणि १९३७ पर्यंत तिथे गिअर बदलणाऱ्या डिरेलरला बंदी होती. शर्यतवाले मागच्या हबाला दोन्ही बाजूंनी दात बसवत. सपाटीला एक बाजू, घाटाला दुसरी. पायथ्याशी उतरायचं, नट ढिले करायचे, चाक काढून उलटं घालायचं आणि पुढे निघायचं. तसा दोन्ही बाजूंना आटे असलेला हब आज बाजारात मिळतो. मुलानं तो मागवला. एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला २२.

(दृश्य: नवा हब आणि जुनी रिंग शेजारी शेजारी.)

आणि इथून पत्त्यांचा बंगला कोसळायला लागला.

नव्या हबाला तारांसाठी ३६ भोकं. जुन्या मागच्या रिंगेला ४०, कारण आपल्याकडच्या काळ्या सायकलीत ओझं मागे म्हणून तारा मागे ४० आणि पुढे ३२. म्हणजे रिंग बदलायला हवी. बदलायचीच तर अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी. हलकी असते, शिवाय पावसात क्रोमच्या लोखंडी रिंगेवर ब्रेकचं रबर नुसतं सरकतं; अ‍ॅल्युमिनियमवर ते बऱ्यापैकी धरतं. सांगलीच्या जुलैमध्ये हा फरक जाणवतो. पण नव्या मापाच्या रिंगेचा टायर बसतो तो व्यास ६२२ मिलिमीटर, जुनीचा ६३५. सळ्यांचा ब्रेक रिंगेच्या आतल्या बाजूला दाबतो. या नव्या रिंगेला तशी आतली बाजूच नाही. म्हणून सळ्या गेल्या, तारेचे ब्रेक आले. त्यांचे हातही लांब लागले, कारण रिंग साडेसहा मिलिमीटर आत सरकलेली, आणि चाक धरणाऱ्या चिमट्यात मोकळी जागा आधीच भरपूर. मडगार्डच्या बोल्टच्या भोकातूनच ते बसवले. हब रुंद, म्हणून फ्रेमचे मागचे कान, ज्यांच्या खाचेत चाक बसतं ते, थोडे फाकवले. लोखंडी फ्रेम आहे म्हणून हे चाललं. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये.

एक गंमत राहिलीच. चाक लहान झालं आणि टायरही बारीक आलं, त्यामुळे गिअर आपोआप हलका झाला. तेच ४४ आणि १८, पण साडेपाच मीटरऐवजी आता सव्वापाचच. १६ चा हट्ट धरणाऱ्याला न विचारता उलट्या दिशेनं नेलं गेलं होतं.

रंगाबद्दल थोडक्यात. मुलाला पोपटी हवा होता. मेस्त्रींनी काळ्याला पॉलिश मारून दिलं. मडगार्ड काढले होते, पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची रेघ उठली तेव्हा मुलानं स्वतःच परत आणले.

(दृश्य: सातारा. टेंपोतून उतरवलेली सायकल. यवतेश्वरच्या घाटाचा पायथा. मुलगा पाना काढतो.)

चाक उलटं घालताना आपलं सुताचं माप कामी येतं. चेन अर्ध्या इंचाच्या कड्यांची. मागे एक दात वाढला की अ‍ॅक्सल साधारण एक सूत पुढे घ्यावा लागतो. १८ वरून २२, म्हणजे चार सूत, अर्धा इंच. कानाच्या खाचेत तेवढी जागा आहे, म्हणून चेन तोडावी-जोडावी लागत नाही. चाक सरळ बघायचं, चेनला बोटानं वर-खाली अर्धा इंच खेळ ठेवायचा, ब्रेकचे रबर रिंगेवर बसतायत का ते तपासायचं, मग नट आवळायचे.

२२ वर पायडलच्या एका फेऱ्याला ४ मीटर ३० सेंटिमीटर. पहिली वळणं मुलगा बसून चढला, पुढची उभा राहून. नंतर उतरला आणि चालायला लागला. त्यात कमीपणा नाही. १९१० साली टूर दी फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत गेली, तेव्हा ती शर्यत जिंकणारा ऑक्टाव्ह लापीझही चढावर काही ठिकाणी सायकल ढकलत चालला होता.

परत येताना उतार. इथे फ्री आणि दोन ब्रेक यांची किंमत कळते. पाय स्थिर, बोटं ब्रेकवर, आणि खाली साताऱ्याची घरं. फिक्सवर याच उतारावर पायांना चाकाच्या वेगानं नाचावं लागलं असतं.

सांगलीत परतल्यावर मुलगा थेट दुकानात.

‘मेस्त्री, २२ कमी पडले. २४ बसवा की.’

मेस्त्रींनी मागच्या खाचेत पट्टी धरली. सहा दात, सहा सूत, पाऊण इंच. खाच तेवढी लांब नाही. दर वेळी चेनची कडी काढावी-घालावी लागेल. नाहीतर पुढचं चेनव्हील ४४ चं ४० करायचं. पण या क्रँकला चेनव्हील कायमचं जखडलेलं, म्हणजे क्रँक नवा. नवा क्रँक कॉटर पिनचा का घ्यावा, म्हणजे अ‍ॅक्सलही नवा. मुलगा बोटांवर हिशेब करत होता.

‘परीक्षा कधी हाय तुझी?’ मेस्त्रींनी विचारलं.

‘एप्रिलमध्ये.’

‘मग मे मध्ये ये.’